पाहुण्याला कोण सांगणार?

पुण्याचे किंवा ठाण्याचे नातेवाईक पहिल्यांदा ग्वाल्हेरला यायचं ठरवतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी एक फोन हमखास येतो. थंडी किती आहे, स्टेशनवर घ्यायला कोण येईल, हे सगळं विचारून झालं की आवाज जरा खाली आणून शेवटचा प्रश्न येतो, "तुमच्याकडे ते डाकूंचं वगैरे आता काही नाही ना?" विचारणारा हसतो, पण उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवत नाही. माझ्या आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "अहो, जयप्रकाशजींनी कधीच सगळ्यांची हत्यारं खाली ठेवून घेतली."

आईच्या उत्तरात इतिहास होता, फक्त तो थोडा घाईनं संपवलेला होता. १९६० मध्ये विनोबा भिंडच्या बीहडातून, म्हणजे चंबळच्या घळींच्या मुलखातून पायी फिरले, तेव्हा काही बागी (डाकूंना इथे बागीच म्हणतात) शरण आले. १४ एप्रिल १९७२ ला मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला मोहरसिंग, माधोसिंग यांच्या टोळ्यांनी जयप्रकाश नारायणांसमोर, गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. पण त्यानंतरही मलखानसिंग १९८२ मध्ये आणि फूलनदेवी १९८३ मध्ये शरण आले, आणि दोघांसाठीही मंडप भिंडलाच घातला गेला. आम्हा लश्करातल्या मराठी घरांनी मात्र डाकू पाहिला तो बहुतेक वर्तमानपत्रातच. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, तिचंच पुढे लश्कर झालं, आणि फौजेबरोबर आलेली ही घरं लश्करच्या जुन्या चौकाच्या, बाड्याच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दिवेलागणीला दारं लावून घ्यावीत अशी वेळ माझ्या आजीवरही कधी आली नव्हती.

तरी पुण्याच्या माणसाची भीती अगदीच पोकळ नव्हती. ती चुकीच्या दिशेला बघत होती, एवढंच. आमच्याकडची बंदूक बीहडात लपलेली नसते, ती खांद्याला असते. मध्य प्रदेशातले सर्वांत जास्त शस्त्रपरवाने ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात आहेत. भिंडच्या बसमध्ये दोन सीटांच्या मधे उभी धरलेली दुनाली, बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या गार्डच्या मांडीवरची बारा बोर, ठेकेदाराच्या गाडीतून त्याच्या मागोमाग उतरणारा, छातीवर कारतुसांचा पट्टा घातलेला माणूस हे सगळं आम्ही दुधाच्या टपरीइतकंच रोज बघतो. यामागे कारणंही आहेत. चंबळच्या काठची जमीन पावसागणिक घळींमध्ये वाहून जाते, शेती पुरत नाही, आणि स्वतःची लायसन्सची बंदूक असलेल्या मुलाला दिल्ली, इंदूर, अहमदाबादपर्यंत गार्डची नोकरी मिळते. कुठे जमिनीची जुनी अदावत असते. आणि कुठे नुसता मान असतो. लग्न ठरवताना मुलाकडे किती बिघे जमीन आहे याच्या जोडीला घरात बंदूक आहे का, हेही बघितलं जातं.

या ओढीचा उपयोग सरकारी कचेऱ्यांनीही करून घेतला आहे. २००८ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. २०१९ मध्ये आमच्या ग्वाल्हेरात परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यानं दहा झाडं लावावीत आणि त्यांच्यासोबतचा फोटो दाखवावा, असा फतवा निघाला. निवडणुका जाहीर झाल्या की बहुतेक लायसन्सी हत्यारं थाण्यात जमा करायची असतात, तेव्हा थाण्याबाहेर रांगा लागतात. निकाल लागला की त्याच रांगा उलट्या दिशेनं.

या सगळ्यात मी वाढले, शिकले, नोकरी केली, दोन मुलं वाढवली. मला भीती वाटली नाही. ती का वाटली नाही, हे मी स्वतःला कधी विचारलंही नव्हतं. विचारायला लावलं ते एका परदेशी पाहुणीनं.

ती जपानची. तानसेन समारोहाला म्हणून डिसेंबरात आली, ख्याल शिकायचा म्हणून राहिली, आणि आमच्या वरच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या. ग्वाल्हेरला गाणं शिकायला परदेशातून माणसं येतात यात आम्हाला नवल नाही. भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या मदतीनं १९१८ मध्ये इथे संगीत विद्यालय काढलं, तेव्हापासून या गावानं लांबून आलेल्या शिष्यांना सांभाळलंय. मुलगी शांत, पहाटे चारला तानपुरा लावणारी. हिंदी चांगलं बोलायची, मराठीत 'काकू' आणि 'पुरे' एवढे दोन शब्द पक्के. एकदा शेजारच्या घरच्या लग्नाला मी तिला सोबत नेलं.

मॅरेज गार्डनच्या फाटकावर मोठी पाटी होती: 'हर्ष फायरिंग दंडनीय अपराध है।' तिनं ती एकेक अक्षर लावत वाचली. लग्नात आनंदानं गोळ्या झाडण्यावर कायद्यात आधी वेगळं कलमच नव्हतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. एका माणसानं किती हत्यारं बाळगावीत याची मर्यादाही तेव्हाच तीनवरून दोनवर आणली गेली. तर त्या पाटीच्या बरोबर खाली दोन प्रौढ गृहस्थ उभे होते, फेटे बांधलेले, खांद्याला रायफली. माझ्या पाहुणीनं माझा दंड धरला.

"काकू, ये पुलिस हैं?"

"नहीं, लड़के के फूफाजी हैं।"

त्या रात्री एकही गोळी सुटली नाही. तरीही ती पूर्ण वेळ पाठ भिंतीला लावून उभी राहिली, ताटातल्या कशाला तिनं हात लावला नाही. मी दोनतीनदा सांगितलं, "कुछ नहीं होता, बेटा." तिनं अगदी सरळ विचारलं, "आपको कैसे पता?"

ऑटोत बसल्यावर मी तिला उत्तर द्यायला लागले आणि माझ्या तोंडून एक यादीच निघाली. बारात दाराशी येते तेव्हा पुढे नाचणाऱ्या घोळक्यात थांबायचं नाही. वरमालेच्या वेळी स्टेजच्या जवळ नाही, आणि गच्चीवर तर अजिबात नाही, कारण वर झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. दोन घरांचं जुनं वैर असेल तर जेवून लगेच निघायचं, आणि वैर कुणाचं आहे ते आधी विचारून ठेवायचं. प्यायलेला कोण आणि हत्यारवाला कोण, हे आल्या आल्या बघून घ्यायचं, दोन्ही एकच असेल तर घरी जायचं. रस्त्यात गाडीला गाडी घासली तर चूक कुणाचीही असो, हुज्जत घालायची नाही. रात्री भिंड रोडनं एकट्यानं जायचं नाही. हे मला कुणी बसवून शिकवलेलं नव्हतं. आईच्या चालण्यातून, वडिलांच्या एका नजरेतून ते माझ्यात उतरलं होतं, आणि त्याच्याच जोरावर मी 'कुछ नहीं होता' म्हणत होते.

तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ये सब कहाँ लिखा है?"

कुठेच लिहिलेलं नाही. आणि इथेच सगळी गोष्ट येऊन थांबते, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. परक्या मुलखात माणसाला जे भय वाटतं ते फक्त हत्याराचं नसतं. आपल्याला इथले न लिहिलेले नियम ठाऊक नाहीत, आणि आपली चूक आपल्याला कळायच्या आत तिची किंमत वसूल होऊ शकते, याचं ते भय असतं.

घरी आल्यावर चहा पिताना तिनं योशिहिरो हात्तोरीची हकीकत सांगितली. नाव मला ठाऊक नव्हतं, जपानमध्ये ते घरोघरी ठाऊक आहे. नागोयाचा सोळा वर्षांचा मुलगा, शाळेच्या अदलाबदलीच्या योजनेत अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरी गेलेला. १७ ऑक्टोबर १९९२ च्या संध्याकाळी तो ज्या घरी राहत होता तिथल्या मुलाबरोबर हॅलोविनच्या पार्टीला निघाला. दोघं चुकून त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या घरी गेले. दार उघडणारी बाई दचकली, तिनं दार लावून नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. नवरा पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि थांब म्हणून ओरडला. मुलाला ते ओरडणं नीट उमगलं नाही, आपण पार्टीला आलोय असं सांगत तो हसत पुढे आला. गोळी छातीत लागली. पुढच्या वर्षी ज्यूरीनं घरमालकाला निर्दोष सोडलं.

जपानमध्ये नागरिकाला शिकारीची बंदूकसुद्धा सहज मिळत नाही. वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, पोलिसांची चौकशी एवढं पार पडल्यावर मिळालीच तर मिळते. बहुतेक वर्षी तिथे गोळीनं मरणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजता येते. म्हणूनच ८ जुलै २०२२ ला नारा शहरात भर सभेत शिंझो आबेंवर घरी बनवलेल्या बंदुकीतून गोळी झाडली गेली, तेव्हा अख्खा देश सुन्न झाला. अशा देशातल्या आईबापांना बॅटन रूजचा निकाल समजेल कसा? योशिहिरोच्या आईवडिलांनी अमेरिकेतल्या घराघरांतून बंदुका जाव्यात म्हणून सह्या गोळा करायला सुरुवात केली. जपानमधून सतरा लाखांच्या आसपास सह्या जमल्या. आमच्या पाहुणीच्या आईनं त्यावर सही केली होती. त्या सह्यांसह हे आईवडील १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटनना भेटले. आणि मला ज्याचं सर्वांत जास्त वाटलं ते पुढचं. त्यांनी मुलाच्या नावानं निधी उभा केला, आणि त्यातून अमेरिकन मुलांना जपानमध्ये शिकायला, राहायला बोलावलं जाऊ लागलं. बंदूक नसलेलं रोजचं जगणं कसं असतं ते त्या मुलांनी स्वतः बघावं म्हणून. ज्या देशात पोटचा मुलगा गेला, त्याच देशातल्या मुलांना त्यांनी आपल्या देशाचं दार उघडून दिलं.

यानंतर मी माझ्या भाचीकडे अमेरिकेत गेले, ती टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहते. तिथे आपली माणसं इतकी आहेत की गुढीपाडव्याला श्रीखंडासाठी रांग लागते. मी परदेशी पाहुणी म्हणून जाण्याची ती माझी पहिलीच वेळ, आणि आता ती जपानी मुलगी माझ्या आत बसून बघत होती. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ज्या दुकानाला, रेस्टॉरंटला ते आत नको असेल त्यानं दारावर पाटी लावायची. परवाना काढलेल्याच्या झाकलेल्या पिस्तुलासाठी ३०.०६ या कलमाची, उघड्या पिस्तुलासाठी ३०.०७ ची, आणि बिनपरवान्याच्या पिस्तुलासाठी ३०.०५ ची. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच, हेही कायद्यातच सांगितलेलं. दारूवर मुख्य कमाई असलेल्या ठिकाणी लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेली वेगळी पाटी. म्हणजे पाटी दिसली की आत पिस्तूल नाही असं धरायचं, आणि पाटी नसली तर? भाची म्हणाली, "मावशी, दारावर काय लिहिलंय ते मी आता वाचतही नाही गं." मी मात्र प्रत्येक दार वाचत होते.

तिच्या घरापासून जवळच ॲलन नावाचं गाव आहे. तिथल्या आउटलेट मॉलमध्ये भारतातून आलेल्या आईवडिलांना न्यायचं, मुलांसाठी कपडे, बॅगा घ्यायच्या, ही तिथल्या आपल्या घरांची रीतच. ६ मे २०२३, शनिवार. त्या मॉलमध्ये एकानं रायफलीनं आठ माणसं मारली. मृतांमध्ये हैदराबादची एक तरुण अभियंता होती, अमेरिकेत नोकरी करणारी, भाचीसारखीच. दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेल्या एका पोलिसानं हल्लेखोराला ठार केलं नसतं तर आकडा कुठवर गेला असता सांगता येत नाही. भाची मला त्याच मॉलमध्ये घेऊन गेली. मी नको म्हटलं नाही. तिथे लोक आइस्क्रीम खात होते, लहान मुलं कारंज्यात पाय बुडवत होती. मी बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत ते शोधत होते, आणि मॅरेज गार्डनमध्ये भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या माझ्या पाहुणीच्या शरीरात काय चाललं असेल ते मला माझ्या पाठीतून कळत होतं.

भाचीची मुलगी पहिलीत. शाळेतून आली आणि म्हणाली, आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो होतो, कुणीच बोललं नाही, टीचर म्हणाल्या आमचा वर्ग सगळ्यात छान गप्प बसला. शाळेत कुणी हत्यार घेऊन शिरला तर काय करायचं, त्याची ती तालीम. मुलीला शाबासकी मिळाल्याचा आनंद होता. त्याच राज्यातल्या युवाल्डी गावात २४ मे २०२२ ला प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. मी भाचीकडे बघितलं, ती डबा धुवत होती.

रात्री तिच्याशी बोलले. तिनं मला आकडे सांगितले, आणि आकडे तिच्याच बाजूचे होते. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली, पण त्यांतली निम्म्याहून जास्त आत्महत्येनं. मॉलमध्ये, शाळेत अनोळखी माणसाकडून एकदम अनेक जण मारले जातात त्या घटनांचा वाटा त्यात अगदी लहान. पाहुण्याच्या वाट्याला ते येण्याची शक्यता त्याहून लहान. "आणि मावशी, आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. तू नई सडकेवरून काकांच्या स्कूटरवर मागे बसून जातेस तेव्हा दारावरच्या पाट्या वाचतेस का?" खरं बोलत होती ती. परदेशी फिरणाऱ्या धडधाकट माणसाचा जीव घेण्यात रस्त्याचा वाटा फार मोठा आहे, गोळीचा नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये मांडून ठेवलंय की सामान्य माणूस धोका मृत्यूंच्या संख्येनं मोजत नाही. जो धोका आपल्या हातात नाही, नवखा आहे, काळजात धडकी भरवणारा आहे, तो त्याला मोठा वाटतो. स्कूटर ओळखीची असते.

पण भाचीच्या आकड्यांनी माझं समाधान झालं नाही, आणि ते का झालं नाही हे मला सांगता आलं पाहिजे असं वाटलं. संख्येनं लहान असलेली एक गोष्ट त्या सहा वर्षांच्या मुलीला अंधारात गप्प बसायला शिकवत होती. धोका लहान असेल, पण त्याच्याभोवती वागण्याचा जो एक मोठा पसारा उभा राहिलाय, दारावरच्या पाट्या, तालमी, बाहेर पडायच्या वाटा, तो लहान नाही. तिथे राहणाऱ्याला हा पसारा दिसेनासा होतो, परक्याला तोच आधी दिसतो. आमच्याकडे फूफाजींच्या खांद्यावरची रायफल मला दिसत नव्हती, तसंच.

देशोदेशींची सरकारं आपल्या प्रवाशांसाठी ज्या सूचना काढतात, त्यांतही हेच घडतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आपल्या लोकांना अमेरिकेतल्या बंदुकींबद्दल सावध करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो आणि डेटन इथल्या गोळीबारांनंतर उरुग्वे आणि व्हेनेझुएलानंही तसं केलं. अमेरिका आपल्या लोकांना भारतात गुन्हे आणि दहशतवादामुळे जास्त सावध राहा म्हणून सांगते. भाचीच्या शेजारणीला राजस्थान आणि ओरछा बघायचं होतं. त्या सूचना वाचून ती घाबरली होती. तिच्या नवऱ्याच्या गाडीत पिस्तूल असतं, त्याच्याबद्दल तिला काहीच वाटत नव्हतं, पण झाशी स्टेशनवर रात्री उतरायच्या कल्पनेनं ती कासावीस होती. मला विचारत होती, एकटी बाई तिकडे फिरू शकते का?

तिला मी 'काही होत नाही' म्हटलं नाही. कारण मला दतिया आठवलं.

मार्च २०१३. सायकलवर भारत बघायला निघालेलं एक स्विस जोडपं ओरछ्याहून आग्र्याकडे जात होतं. दतिया जिल्ह्यात, आमच्या ग्वाल्हेरपासून फार लांब नाही, रस्त्यापासून आत शेताजवळ त्यांनी रात्री तंबू ठोकला. त्यांच्या देशात, युरोपात कितीतरी ठिकाणी, माणसं असा तंबू ठोकून निवांत झोपतात. गावातल्या काही जणांनी नवऱ्याला मारहाण करून बांधून ठेवलं, बाईवर सामूहिक बलात्कार केला आणि सामान लुटून नेलं. त्याच वर्षी जुलैत सहा जणांना जन्मठेप झाली. न्याय झाला, तोही लवकर. पण घटनेनंतरच्या दिवसांत आमच्याकडे जे बोललं गेलं ते माझ्या मनातून जात नाही. त्यांनी पोलिसांना कळवायला हवं होतं. अशा जागी तंबू ठोकतं का कुणी? सरकारातूनही हाच सूर निघाला, आमच्या ओळखीच्या घरांतूनही. इथल्या कुणी तिथे तंबू ठोकला नसता, हे खरंच आहे. त्या जागी रात्र काढायची नसते हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते त्या बाईला कोण सांगणार होतं? बॅटन रूजच्या खटल्यातही हाच प्रश्न उलटा फिरवला गेला होता. मुलगा थांबला का नाही, पुढे का आला, असा का वागला. मुलाला कळलं नाही, म्हणून दोष मुलाचा.

मला याची चीड येते. आपण आपल्या गावात सुखरूप राहतो ते गाव सुरक्षित आहे म्हणून नव्हे, तर कुठे उभं राहायचं नाही ते आपल्याला कळतं म्हणून. मग ज्याला ते कळत नाही त्याला काही झालं की आपण त्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवतो. शेजारणीला मी ते सगळं सांगितलं. दिवसा प्रवास कर, झाशीला रात्री उतरायचं असेल तर हॉटेलची गाडी आधी ठरव, ओरछ्याहून खजुराहोला अंधारात निघू नकोस. दतियाचंही सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. मग मी तिला विचारलं की मी इथे काय काय करू नये ते मला सांग. ती थोडी थबकली आणि बोलू लागली. चुकीच्या घराची बेल वाजवू नका. अंधारात कुणाच्या अंगणातून जवळची वाट काढू नका. रस्त्यात कुणी गाडी आडवी घातली तर हॉर्न वाजवून हुज्जत घालू नका, आणि पोलिसानं गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर ठेवा. तिची यादी संपली तेव्हा तिलाच आश्चर्य वाटत होतं की ती एवढी लांब निघाली.

ग्वाल्हेरला परतल्यावर माझ्या जपानी पाहुणीनं एके संध्याकाळी आणखी एक प्रश्न विचारला, जो आमच्या मराठी घरांत कुणी विचारत नाही. गांधीजींना मारलं ते पिस्तूल या शहरातून गेलं होतं का? गेलं होतं. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ३० जानेवारी १९४८ च्या अवघे दोन-तीन दिवस आधी इथे आले होते, आणि बेरेटा पिस्तूल इथूनच मिळवून दिल्लीला गेले. माझे वडील तेव्हा शाळेत होते. त्यांनी आयुष्यभर या विषयावर एक वाक्यही काढलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. काही गोष्टींबद्दल बोलायचं नाही, हाही आमचा न लिहिलेला नियमच होता. त्या मुलीला मी जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. जौऱ्याला गांधीजींच्या तसबिरीपुढे ठेवलेल्या बंदुका आणि हे पिस्तूल, दोन्ही एकाच मुलखातले, हे तिला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

आता आमच्या घरात लग्न आहे. दिराच्या मुलाचं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. मुलीकडचे भिंडचे, घरंदाज, प्रेमळ माणसं, आणि घरात दोन लायसन्सी रायफली. मी दिरांना म्हटलं, बोलणी करायला मीही येते. व्याह्यांपुढे विषय काढला तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "बहनजी, भिंड से रात को चलेंगे, बहू-बेटियाँ होंगी, गहने होंगे। ख़ाली हाथ कैसे चलें?" त्यांची भीतीही खरी आहे, ती मी खोटी म्हणणार नाही. शेवटी ठरलं ते असं. रस्त्यात बंदुका बरोबर असतील, पण गार्डनच्या फाटकाशी एका खोलीत कुलुपात जातील, किल्ली दोन्ही घरच्या एकेका माणसाकडे, आणि निघताना परत. वरातीत, स्टेजवर, जेवणाच्या मांडवात हत्यार नाही. त्यांचे थोरले भाऊ थोडे नाराज झाले, मग त्यांच्या सूनबाईंनीच त्यांना समजावलं.

हे पत्रिकेत छापायचं, अशी माझी अट आहे. पाटी फाटकावर असून चालत नाही, माणूस घरून निघतानाच त्याला कळलं पाहिजे. हिंदीत आणि मराठीत, दोन ओळी. दिरांना ती ओळ मंगलकार्याच्या पत्रिकेत खटकते, छापायचीच तर पाठीमागे बारीक अक्षरात छापू म्हणतात. मला ती स्थळ आणि वेळेच्या शेजारी, त्याच अक्षरात हवी आहे, कारण परगावचा पाहुणा बाकी काही वाचो न वाचो, तेवढं नक्की वाचतो. प्रेसवाल्यानं दोन्ही नमुने पाठवलेत.